प्रवेशापासून पदवीपर्यंत : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा धडा

अमेरिकेत हायस्कूल पूर्ण केलेल्या कोणालाही आपल्या भागातील कम्युनिटी कॉलेजात प्रवेश मिळतो. नर्सिंगसारखे मोजके अभ्यासक्रम सोडले, तर गुणवत्ता यादी नाही, कट-ऑफ नाही, मुलाखत नाही. वय अठरा असो वा अठ्ठेचाळीस, कोणी हटकत नाही. फी चार वर्षांच्या विद्यापीठांच्या तुलनेत बरीच कमी असते. वर्ग सकाळी असतात तसे रात्रीही असतात. देशभरात अशी हजाराहून अधिक कॉलेजे आहेत आणि पदवीपूर्व शिक्षण घेणाऱ्यांचा फार मोठा हिस्सा त्यांत शिकतो. हॉटेलात वाढपी असलेली मुलगी, सैन्यातून परतलेला तरुण, नुकतेच देशात आलेले स्थलांतरित, दोन मुलांची आई आणि घरात कॉलेजची पायरी प्रथमच चढणारा विद्यार्थी हे सगळे येथे एका बाकावर भेटतात.

इतके उघडे दार जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. पण आत गेलेल्यांपैकी दुसऱ्या दाराने बाहेर किती पडतात, हा प्रश्न विचारला की चित्र पालटते. दाखल होताना सुमारे ८० टक्के विद्यार्थी सांगतात की पुढे आपल्याला चार वर्षांची बॅचलर पदवी घ्यायची आहे. सहा वर्षांनी पाहावे तर ती पदवी हाती पडलेला विद्यार्थी साधारण सहांत एक. उरलेल्यांपैकी काहींनी दोन वर्षांची असोसिएट पदवी किंवा एखादे प्रमाणपत्र मिळवलेले असते. बऱ्याच जणांकडे मात्र अर्धवट क्रेडिट आणि डोक्यावर कर्ज एवढेच उरते.

हे असे का होते, आणि ते बदलता येते का? गेल्या पंधरा-वीस वर्षांत या प्रश्नावर अमेरिकेत जे काम झाले, त्याचे महत्त्व शिक्षणक्षेत्राबाहेरच्यांनीही समजून घ्यावे असे आहे. कारण ते मतांवर थांबले नाही. औषधाची चाचणी घेतात तशी शिक्षणातील उपायांची चाचणी घेतली गेली आणि तिचे निकाल आकड्यांत मांडले गेले.

सहा विद्यार्थ्यांपासून सुरुवात

शिकागोजवळच्या जोलिएट गावात १९०१ साली एका हायस्कूललाच जोडून दोन वर्षांचे कॉलेज सुरू झाले. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि तेथील शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ही कल्पना. कॉलेजची पहिली दोन वर्षे गावातच करावीत आणि पुढची दोन विद्यापीठात, अशी ती विभागणी होती. आपल्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून मुले इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात, तशीच ही जोडवाट म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. १९४४च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता येऊ लागले. १९४७मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने, सामान्य नागरिकाला घराजवळ, विनाशुल्क, दोन वर्षांचे उच्चशिक्षण मिळावे अशी शिफारस केली. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले ते या अहवालामुळे. साठच्या दशकात तर अशी कॉलेजे झपाट्याने उभी राहिली.

याच वाढीच्या काळात एका समाजशास्त्रज्ञाने बोचरा प्रश्न उभा केला. बर्टन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होजे ज्युनियर कॉलेजचा अभ्यास करून १९६०मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे : समाज सर्वांना सांगतो की तुम्ही पदवीधर होऊ शकता, पण तेवढ्या जागा आणि तेवढ्या संधी नसतात. मग ज्यांना वर जाता येणार नाही त्यांची समजूत कोणी काढायची? ते काम ही कॉलेजे करतात. चाचणी, कमी गुण, समुपदेशकाशी बोलणे, ‘तुला हा छोटा कोर्स जास्त बरा’ असा सल्ला, या पायऱ्यांनी विद्यार्थ्याची उमेद हळूहळू थंड केली जाते. शेवटी त्याला वाटते की दोष आपलाच होता. क्लार्क यांनी या प्रक्रियेला दिलेले नाव ठकसेनांच्या बोलीतून आले होते. फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाने आरडाओरडा करू नये म्हणून त्याला शांत करणे, असा त्याचा मूळ अर्थ. ही टीका अनेकांना झोंबली, पण ती खोडून काढणे सोपे नव्हते.

गळती नेमकी कुठे होते?

पहिली जागा प्रवेशाच्या दुसऱ्याच दिवशीची. प्रवेश सर्वांना असला, तरी बहुतेक कॉलेजांत गणित आणि इंग्रजीची एक संगणकीय चाचणी द्यावी लागे. तीत कमी पडलेल्याला आधी पूर्वतयारीचे वर्ग करावे लागत. या वर्गांची फी भरायची, सत्र घालवायचे, पण पदवीसाठी त्यांचे क्रेडिट शून्य. काही ठिकाणी गणिताचे असे तीन-चार टप्पे एकामागून एक असत.

कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये ५७ कॉलेजांतील अडीच लाखांवर विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. गणिताच्या पूर्वतयारीसाठी पाठवलेल्यांपैकी सर्व टप्पे पार करणारे फक्त ३३ टक्के निघाले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की अनेक जण नापास झालेच नव्हते. एक टप्पा पास होऊन ते दुसऱ्या टप्प्याला आलेच नाहीत, किंवा पहिल्याच टप्प्याला फिरकले नाहीत. प्रत्येक टप्प्याच्या मधली सुट्टी ही एक गळतीची जागा होती.

शिवाय ही वर्गवारी करणारी चाचणीच फारशी भरवशाची नव्हती. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी २०१२मध्ये दाखवले की गणितात सुमारे चौथा हिस्सा आणि इंग्रजीत सुमारे तिसरा हिस्सा विद्यार्थी ढळढळीत चुकीच्या वर्गात टाकले जात होते. तास-दीड तासाच्या परीक्षेपेक्षा हायस्कूलच्या चार वर्षांचे गुण पुढचा अंदाज अधिक चांगला देत होते. ज्याला थेट मुख्य वर्गात बसवले असते तर तो पास झाला असता, असा विद्यार्थी वर्षभर पूर्वतयारीत अडकून पडत होता.

दुसरी जागा अभ्यासक्रमाच्या मांडणीची. कॉलेजच्या माहितीपुस्तकात शेकडो विषय असत आणि निवड विद्यार्थ्यावर सोपवलेली असे. बेली, शॅना स्मिथ जॅगर्स आणि डेव्हिस जेंकिन्स यांनी २०१५च्या आपल्या पुस्तकात अशा कॉलेजला ‘कॅफेटेरिया’ म्हटले. ज्याच्या घरात आई-वडील पदवीधर आहेत त्याला काय उचलावे हे कळते. पहिल्या पिढीचा विद्यार्थी मात्र असे विषय घेऊन बसतो, जे पुढे विद्यापीठ मान्यच करत नाही. त्यांचा उपाय असा, की पहिल्याच सत्रात व्यापक शाखा निवडावी, पुढच्या विषयांचा क्रम आखून द्यावा आणि विद्यार्थी त्या वाटेवरून ढळला तर कॉलेजने स्वतःहून त्याला गाठावे.

तिसरी जागा कॉलेजच्या आवाराबाहेरची आहे. बसभाडे, पुस्तकांचा खर्च, बदलणारी कामाची पाळी, आजारी मूल. यांपैकी एकेक गोष्ट लहान दिसते. पण आठवडाभर हातात पैसे नसले की वर्ग चुकतो, वर्ग चुकला की चाचणी हुकते, आणि मग परत जायची लाज वाटते.

न्यूयॉर्कमधील चाचणी

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने, म्हणजे ‘क्युनी’ने, २००७मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक कार्यक्रम सुरू केला. त्याचे लघुनाव ‘एसॅप’. शहराच्या महापालिकेने त्यासाठी पैसा दिला. सुरुवातीची तुकडी ११३२ विद्यार्थ्यांची होती आणि उद्दिष्ट होते तीन वर्षांत निम्म्यांना असोसिएट पदवी.

यात काय होते? विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकले पाहिजे ही पहिली अट. पूर्वतयारीचे विषय असतील तर ते लांबणीवर न टाकता सुरुवातीलाच उरकायचे. त्या बदल्यात शिष्यवृत्तीनंतर उरलेली फी माफ, पुस्तकांसाठी मदत, विषय घेण्यासाठी आधी नोंदणी, सोयीच्या वेळी एकत्र लावलेले तास, शिकवणी, नोकरीविषयी मार्गदर्शन. शिवाय सबवे आणि बसचा महिन्याचा पास. त्या वर्षांत या पासाची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती. पास कार्यक्रमातील सहभागाशी जोडलेला होता. म्हणजे दर महिन्याला विद्यार्थी कार्यालयाची पायरी चढणार आणि कोणीतरी त्याला ‘कसं चाललंय?’ असे विचारणार, याची सोय त्या पासातच होती.

सगळ्यात मोठा फरक सल्लागाराचा. नेहमीच्या व्यवस्थेत एका सल्लागाराकडे ६०० ते १५०० विद्यार्थी असत, एसॅपमध्ये ६० ते ८०. पहिल्या वर्षात एसॅपच्या विद्यार्थ्याने सल्लागाराची सरासरी ३८ वेळा भेट घेतली, तर इतरांनी सहा वेळा.

आता अशा कार्यक्रमांत एक शंका नेहमी असते. हुशार, जिद्दी मुलेच पुढे होऊन नाव नोंदवतात, मग निकाल चांगला लागणारच. ही शंका मिटवण्यासाठी एमडीआरसी या संशोधन संस्थेने २०१०मध्ये तीन कॉलेजांतील ८९६ विद्यार्थी घेतले. सगळे कमी उत्पन्न गटातील, सगळ्यांना एक-दोन विषयांत पूर्वतयारीची गरज. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला एसॅप मिळाले, दुसऱ्याला नेहमीच्या सोयी.

तीन वर्षांनंतर नेहमीच्या गटात २१.८ टक्के विद्यार्थी पदवीधर झाले होते. एसॅप गटात ४०.१ टक्के. चार वर्षांच्या कॉलेजात जाणारेही वाढले होते, १७.३ टक्क्यांवरून २५.१ टक्क्यांवर. शिक्षणातील चाचण्यांत दोन-चार टक्क्यांचा फरक पडला तरी समाधान मानतात. येथे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते, आणि विद्यार्थी तेच होते, शिक्षक तेच होते, परीक्षाही त्याच होत्या.

खर्चाचा हिशोब

हे सगळे फुकट झाले नाही. तीन वर्षांत एसॅपच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे १६,२८४ डॉलर जास्त लागले, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक. कोणताही अर्थाधिकारी हा आकडा पाहून फाइल बाजूला ठेवील.

पण भागाकार बदलून पाहा. खर्चाला विद्यार्थ्यांच्या संख्येने न भागता मिळालेल्या पदव्यांनी भागले, तर एसॅपमध्ये एका पदवीमागचा खर्च सुमारे ११ टक्क्यांनी कमी येतो. स्वस्त वाटणाऱ्या व्यवस्थेत शंभरांतील ७८ जण तीन वर्षांत पदवीविना राहत होते आणि त्यांच्यावरचा खर्च कुठेच दिसत नव्हता. अडचण अशी की कॉलेजला अनुदान बहुतांशी किती विद्यार्थी दाखल झाले यावर मिळते. पदवी वाढवण्याचा खर्च कॉलेजने सोसायचा आणि फायदा समाजाला मिळायचा, असा हा विचित्र व्यवहार आहे.

यशाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सहा वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा एसॅप गटात ५१ टक्के आणि दुसऱ्या गटात ४१ टक्के पदवीधर होते. म्हणजे इतरांपैकी काही जण उशिरा का होईना पोहोचले, पण दहा टक्क्यांचे अंतर राहिले. दुसरी मर्यादा पूर्णवेळ शिकण्याच्या अटीची. ज्या आईला दोन नोकऱ्या केल्याशिवाय घर चालत नाही, तिला ही अट पाळता येत नाही. सर्वांत गरजू विद्यार्थी या दाराबाहेरच राहतो.

हा प्रयोग न्यूयॉर्कपुरता होता की दुसरीकडेही जमेल? ओहायोतील तीन कॉलेजांत त्याच धर्तीवर कार्यक्रम उभा करून पुन्हा चिठ्ठ्यांच्या पद्धतीने १५०१ विद्यार्थ्यांवर चाचणी झाली. तीन वर्षांत ३४.८ टक्के विरुद्ध १९.२ टक्के, असा निकाल आला. सहा वर्षांनी पाहिले तेव्हा कार्यक्रमातील विद्यार्थ्यांची कमाईही सुमारे ११ टक्क्यांनी जास्त होती.

मग या सगळ्यात नेमके कशाने काम केले? फीने, पासाने की सल्लागाराने? चाचणी पूर्ण कार्यक्रमाची होती, त्यामुळे एकेका घटकाचे श्रेय वेगळे काढता येत नाही. मात्र याआधी एकेक सोय सुटी, एखाद-दोन सत्रांपुरती देऊन पाहिली गेली होती, तेव्हा परिणाम लहान आणि तात्पुरते राहिले होते. विद्यार्थ्याच्या अडचणी एकट्या येत नाहीत, म्हणून मदतही एकटी पुरत नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

पूर्वतयारीऐवजी सोबत

दुसरा मोठा बदल गणिताच्या त्या रांगेत झाला. क्युनीच्याच तीन कॉलेजांत २०१३मध्ये बीजगणिताच्या पूर्वतयारीची गरज आहे असे ठरलेल्या ९०७ विद्यार्थ्यांचे चिठ्ठीने तीन गट केले. पहिल्या गटाने नेहमीचा पूर्वतयारीचा वर्ग केला, ३९ टक्के पास झाले. दुसऱ्याला त्याच वर्गासोबत दर आठवड्याला सरावाचा तास दिला, ४५ टक्के पास झाले. तिसऱ्याला पूर्वतयारी न करता थेट क्रेडिटच्या संख्याशास्त्राला बसवले आणि सोबत सरावाचा तास दिला. त्यांच्यात ५६ टक्के पास झाले. वरच्या पातळीचा विषय घेऊन अधिक मुले उत्तीर्ण झाली.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पूर्वतयारीच्या वर्गात त्याने शाळेत जे गणित नकोसे केले होते तेच पुन्हा समोर येते आणि बक्षीस काही नसते. संख्याशास्त्रात मात्र सर्वेक्षण, औषध, निवडणूक, खेळ यांतील आकडे येतात आणि पास झाले की पदवीच्या दिशेने एक पाऊल पडते.

कॅलिफोर्नियाने २०१७मध्ये याचा कायदाच केला. विद्यार्थ्याला एका वर्षात विद्यापीठ मान्य करील असे गणित आणि इंग्रजी पूर्ण करता यावे याची शक्यता जास्तीत जास्त वाढवणे ही कॉलेजची जबाबदारी ठरली, आणि वर्गवारीसाठी हायस्कूलच्या गुणांचा आधार घेणे बंधनकारक झाले. अनेक शिक्षकांचा याला विरोध होता आणि तो केवळ हट्ट नव्हता. थेट मुख्य वर्गात आलेल्यांपैकी पास होणारे वाढले, तसे एकूण संख्येत नापास होणारेही वाढले. सोबतचा सरावाचा तास, छोटी तुकडी आणि तयार शिक्षक नसतील, तर नुसते वरच्या वर्गात बसवणे हे पोहता न येणाऱ्याला खोल पाण्यात लोटण्यासारखे होईल, हा त्यांचा इशारा रास्त आहे.

मारिया नावाची विद्यार्थिनी

टेक्सासमधील अमरिलो कॉलेजने याहून वेगळ्या टोकाने सुरुवात केली. आपला विद्यार्थी कोण आहे, हे त्यांनी नोंदींवरून पाहिले आणि त्या माहितीतून एक प्रातिनिधिक विद्यार्थिनी कल्पिली, नाव ठेवले मारिया. सत्तावीस वर्षांची, एका मुलाची आई, नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणारी, घराण्यात कॉलेजला आलेली पहिली. मग प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारायचा : मारियाला हे जमेल का?

त्यातून कॉलेजात धान्याचे आणि कपड्यांचे भांडार उभे राहिले, समाजसेवक नेमले गेले, वीजबिल किंवा गाडीच्या दुरुस्तीसारख्या अडचणीत तातडीची रक्कम देण्याची सोय झाली. सोळा आठवड्यांच्या सत्रांऐवजी बरेच विषय आठ आठवड्यांत शिकवायला घेतले. एका वेळी दोनच विषय डोक्यात, आणि घरी संकट आले तर बुडतात ती आठच आठवडे. २०२३मध्ये देशातील कम्युनिटी कॉलेजांसाठीचा प्रतिष्ठेचा ॲस्पेन पुरस्कार अमरिलोला इम्पीरियल व्हॅली कॉलेजसोबत विभागून मिळाला.

आपल्यासाठी

या कहाणीचा एक धागा महाराष्ट्राला जुना ओळखीचा आहे. जोलिएटमध्ये कॉलेज सुरू झाले त्याच १९०१ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची मालिकाच सुरू झाली. १९२४मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढले. शाळा खुली करून भागत नाही, खेड्यातल्या मुलाला छप्पर, भाकरी आणि पाठीवर हात लागतो, हे या दोघांनी कोणत्याही चाचणीशिवाय ओळखले होते.

आज आपल्याकडे प्रवेशाची दारे पूर्वीपेक्षा कितीतरी रुंद झाली आहेत. २०२४मध्ये राज्य सरकारने ठरावीक उत्पन्नमर्यादेतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे मोठे पाऊल आहे. पण फी हा अडचणींतला एक भाग झाला. नॅकच्या मूल्यांकनात किती विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर हे विचारले जाते, म्हणून कॉलेजांत तशा याद्या असतात. यादीत नाव असणे आणि वर्षात ३८ वेळा भेट होणे यांतील अंतर केवढे, हे प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली आहे. घरच्या अडचणीमुळे थांबावे लागलेल्याला रिकाम्या हाताने जावे लागू नये, हा हेतू चांगलाच आहे. मात्र बर्टन क्लार्क यांचा साठ वर्षांपूर्वीचा इशारा येथे आठवायला हवा. कोणती मुले पहिल्याच वर्षी बाहेर पडतात, कोणत्या तालुक्यांतली, कोणत्या घरांतली, आणि त्यांपैकी परत किती येतात, हे मोजले नाही तर गळतीलाच एक देखणे नाव दिल्यासारखे होईल.

कॉलेजांच्या जाहिरातींत प्रवेशाचे आकडे असतात. तीन वर्षांपूर्वी प्रथम वर्षाला बसलेल्या शंभरांपैकी यंदा किती जण पदवी घेऊन गेले, हा आकडा पालकांनी, विद्यापीठांनी आणि सरकारने दरवर्षी मागितला पाहिजे. सुधारणेची सुरुवात तिथून होते. बसचा पास, सरावाचा तास आणि नावाने ओळखणारा सल्लागार या त्यापुढच्या गोष्टी, आणि न्यूयॉर्क-ओहायोच्या अनुभवाने दाखवले आहे की त्या करता येतात.